सहा वर्षांचा मुलगा दाताच्या दवाखान्याचं नाव काढलं की थरथरतो, काय करू?

चोपड्याची_आई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. खालची उजवीकडची शेवटची दाढ किडलीये, चांगला मोठा खड्डा पडलाय. महिना झाला तो सगळं डावीकडूनच चावतो. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं, कळण्याची भाकरी केली, हे त्याचं सगळ्यात आवडतं, दोनच घास खाल्ले आणि मिरचीचं बी त्या खड्ड्यात गेलं बहुतेक, ताट सरकवलं आणि गालाला हात लावून कोठीच्या कोपऱ्यात जाऊन बसला, आवाजसुद्धा केला नाही. रात्री दोन-अडीचला उठतो आणि रडतो. सासूबाई लवंगाच्या तेलाचा बोळा ठेवतात, थोडा वेळ बरं वाटतं मग परत तेच.

आता खरी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय काही उपयोग नाही. दोन महिन्यांपूर्वी आम्ही त्याला एका दवाखान्यात नेलं होतं. घरून निघताना मी त्याला सांगितलं की डॉक्टर फक्त बघणार आहेत, काहीच करणार नाहीत. तिथे गेल्यावर मला म्हणाले पाय धरा, तिथल्या मुलाने डोकं धरलं आणि इंजेक्शन दिलं. तो ओरडत होता, "मम्मी तू बोलली होती फक्त बघणार". इंजेक्शन दिल्यावरही मशीन लावली की दुखतंय म्हणत होता, डॉक्टर म्हणाले नाटक करतोय. शेवटी अर्धवट सोडून आलो. माझ्या बोटांचे वळ त्याच्या पोटऱ्यांवर संध्याकाळपर्यंत दिसत होते.

तेव्हापासून कुठे बाहेर जायचं म्हटलं की आधी विचारतो कुठे जायचंय, आणि मी सांगितलं तरी पप्पांना जाऊन परत विचारतो. केस कापायलासुद्धा बसत नाही. ब्रश दाखवला की दोन्ही हातांनी ओठ दाबून धरतो. सासरे म्हणतात दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप. मिस्टर म्हणतात पूर्ण भूल देऊन एकदाच सगळं करून टाकू. गॅस देतात असंही ऐकलंय. जळगाव, धुळे कुठेही जायची तयारी आहे. त्याची भीती कशी घालवू आणि मुळात त्याला दुखणार नाही असं काही असतं का?

भुसावळचा_काका

ताई, काळजी करू नका. आमच्या दोघा पोरांच्या दुधाच्या दाढा अशाच किडल्या होत्या, काढून टाकल्या, विषय संपला. दोन मिनिटं धरावं लागतं पोराला, रडतं आणि विसरतं. आपण सगळे असेच मोठे झालो. उगीच दुधाच्या दातावर हजारो रुपये घालू नका असं मला मनापासून वाटतं.

दोन_पोरींचा_बाप

काका, तुमचा राग नाही पण "विसरतं" हे मला पटत नाही. मी चाळीस वर्षांचा आहे आणि लहानपणी मला धरून दाढ काढली होती, आजही त्या औषधाचा वास आला तर हाताला घाम सुटतो. त्यामुळे पोरींच्या बाबतीत मी ठरवून वेगळं केलं ते सांगतो, ताई तुम्हाला काही उपयोगी पडलं तर बघा.

मोठीच्या वेळी (ती सात वर्षांची होती) आम्ही आठवडाभर घरी खेळ खेळलो. मोबाईलचा टॉर्च, एक चमचा आणि आई पेशंट. पोरगी डॉक्टर. ती माझ्या बायकोचे दात मोजायची, चमच्याने गाल बाजूला करायची. मग मी पेशंट, मी मुद्दाम मधेच हात वर करायचो आणि ती थांबायची. हा हात वर करायचा नियम आम्हाला जळगावच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या भेटीत सांगितला होता, डावा हात वर केला की मी थांबणार म्हणजे थांबणार. पोरीने खुर्चीवर पहिल्या पाच मिनिटांत चार वेळा हात वर केला, मला कळलं की दुखत नाहीये, ती फक्त बघत होती की मॅडम खरंच थांबतात का. मॅडम चारही वेळा थांबल्या, तोंडातली सगळी हत्यारं बाहेर काढली, काय झालं बेटा विचारलं. पाचव्यांदा तिने हात वरच केला नाही. हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतोय.

आणि एक चूक आमच्याकडून झाली ती तुम्ही करू नका. घरी आल्यावर गाल बधिर होता, तिला मजा वाटली म्हणून ती खालचा ओठ चावत बसली, आम्ही शेजारच्या खोलीत. तासाभराने बघतो तर ओठ सुजून एवढा मोठा, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी साय आली, आम्हाला वाटलं पू झाला, धावत परत गेलो. मॅडम म्हणाल्या हा पू नाही, चावल्याची जखम आहे, आठ-दहा दिवसांत भरेल, आणि भरलीच. पण ते आठ दिवस तिला दाढेपेक्षा ओठाचंच जास्त दुखलं. इंजेक्शननंतर दोन-तीन तास पोराच्या शेजारी बसून राहा, खायला चावायचं काही देऊ नका.

धुळ्याची_दंतडॉक्टर

मी लहान मुलांच्या दातांचंच काम करते (एमडीएस पेडो), पंधरा वर्षं झाली. रात्रीच्या ओपीडीनंतर लिहितेय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

ताई, सगळ्यात आधी एक. तुमचा मुलगा नाटक करत नव्हता. दाढेच्या मुळाशी इन्फेक्शन असलं की तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि बधिर करायचं औषध तिथे नीट काम करत नाही. मोठ्या माणसांनाही हा अनुभव येतो, गाल जड होतो, ओठ सुन्न होतो आणि दाढ मात्र ठणकत राहते. त्यात घाबरलेलं मूल, म्हणजे दुखणं अजून वाढतं. अशा वेळी थांबायचं असतं, जास्तीचं औषध वजनाचा हिशोब बघून द्यायचं असतं किंवा त्या दिवशी फक्त दाढ उघडून पू-गॅस मोकळा करून औषध ठेवून बाकीचं काम पुढच्या भेटीला ढकलायचं असतं. त्याला घरी जाऊन हे सांगा. "तुला खरंच दुखत होतं, मला तेव्हा कळलं नाही, आणि मी फक्त बघणार म्हणाले ते चुकीचं बोलले." सहा वर्षांच्या मुलाला हे सगळं समजतं. दोन महिने तो पप्पांकडे जाऊन तुमचं बोलणं तपासून बघतोय ना, त्याला उत्तर हवंय. हे आधी करा, डॉक्टर नंतर शोधा.

भुसावळच्या काकांना, काका, तुमचं बोलणं रोज दहा पालकांकडून ऐकते म्हणून नीट सांगते. दुधाचे दात वीस असतात पण सगळे एकाच वयात पडत नाहीत. पुढचे सहा ते आठ वर्षांला पडतात, ही शेवटची दुधाची दाढ दहा ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहते. म्हणजे या पोराला अजून चार ते सहा वर्षं तिच्यावर जेवायचंय. आणि सहाव्या वर्षी तिच्या मागे पहिली पक्की दाढ येते, कुठलाही दात न पडता येते म्हणून घरच्यांना तीसुद्धा दुधाचीच वाटते. पुढची दाढ काढून टाकली की ही मागची पुढे सरकते, आणि खाली वाट बघत असलेल्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. काढावी लागलीच तर काढतो, मग जागा धरून ठेवणारी तार बसवतो. पण वाचण्यासारखी असेल तर आधी वाचवायची.

ताई, एक्सरे बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण रात्री उठून रडतो म्हणजे कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असण्याची शक्यता जास्त. म्हणजे बहुतेक दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल आणि वर स्टीलची कॅप. यात दाढेच्या मुळात आपोआप विरघळणारं औषध भरतात, कारण पुढे मुळंही विरघळून दाढ पडायला हवी.

आता दुखण्याचं. इंजेक्शन देण्याआधी हिरडी कोरडी करून बधिर करायचं जेल एक-दोन मिनिटं ठेवायचं असतं, पुष्कळ ठिकाणी लावतात आणि लगेच सुई टोचतात, मग जेलचा उपयोग काय. सुई बारीक हवी, आणि औषध अगदी हळू सोडायचं. इंजेक्शनचं दुखणं टोचण्यापेक्षा औषध जोरात ढकलल्यामुळे जास्त होतं. मी एक पूर्ण नळी सोडायला दीड-दोन मिनिटं घेते, तेवढा वेळ गाल हलवत राहते आणि पोराशी बोलत राहते. मग पाच मिनिटं थांबते. ओठ जाड झाला का, गुदगुल्या होताहेत का विचारते. तपासल्याशिवाय मशीन हातात घेत नाही.

भीतीचं म्हणाल तर आमच्या शाखेत एक साधी पद्धत आहे, १९५९ पासून पुस्तकात आहे, आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. पाण्याचा फवारा आधी त्याच्या तळहातावर उडवायचा. फिरणारा ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवायचा. आवाज करणारं मशीन तोंडाबाहेर चालू करून ऐकवायचं. पहिल्या भेटीत मी काहीच करत नाही, खुर्ची वर-खाली, आरसा हातात, दात मोजणे, संपलं. पण खरंच संपलं पाहिजे, पहिल्या भेटीत काही करणार नाही सांगून केलं तर तुमच्या अनुभवासारखं होतं. ठणका फार असेल तर त्याच दिवशी काम करावं लागतं, तेव्हा तसं त्याला आधी सांगायचं.

घरी तुम्ही काय बोलायचं ते महत्त्वाचं आहे. "अजिबात दुखणार नाही" म्हणू नका, मुलाच्या कानात फक्त दुखणार एवढंच जातं. "घाबरू नको" पण नको. आणि "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई मारतील" हे घरात कुणीही, आजी-आजोबांनीसुद्धा, बोलायचं नाही, कृपा करून. मी पोरांना सांगते की दाढेला झोपवायचं औषध देणार आहे, मुंगी चावल्यासारखं होईल, मी दहापर्यंत मोजते तोवर राहील. आणि त्याने सरळ विचारलं की सुई आहे का, तर हो म्हणायचं.

लवंगाचं तेल सासूबाईंना थांबवायला सांगा. दाढेत बोळा नीट बसला तर आराम पडतो हे खरं, पण लहान मुलाच्या हिरडीवर, गालावर लागलं तर भाजतं. रात्री दुखलं तर पॅरासिटामॉल सिरप द्या, किलोमागे जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम एका वेळी, दोन डोसांत निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवर वाचा, ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमची वेगळी आणि २५० ची वेगळी येते, इथे लोक हमखास चुकतात. १८ किलोचं पोर असेल तर २५० च्या बाटलीतलं ५ मिली पुरतं. मोठ्यांची अ‍ॅस्पिरिनची गोळी मुलांना कधीही देऊ नका. आणि गालावर बाहेरून सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

चोपड्याची_आई

मॅडम तुमचं वाचून मी खूप रडले. वजन साडेसतरा किलो आहे. लवंग बंद केली. मिस्टरांनी पण वाचलं. त्यांचा प्रश्न आहे की गॅस आणि पूर्ण भूल यात फरक काय, आणि गॅसने पोराला काही होत तर नाही ना, नवीनच काहीतरी आहे म्हणतात.

धुळ्याची_दंतडॉक्टर

नवीन नाही हो. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने हाच गॅस स्वतः घेऊन आपली दाढ काढून घेतली होती. नायट्रस ऑक्साइड. आता तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात, गॅसचं प्रमाण हळूहळू वाढवतात आणि साधारण निम्म्याच्या वर नेत नाहीत. मूल जागं असतं, बोलतं, तोंड उघड म्हटलं की उघडतं, फक्त सैल पडतं, हातपाय हलके वाटतात. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात आणि मूल चालत घरी जातं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. गॅस दिला तरी दाढ बधिर करावीच लागते, गॅस भीतीसाठी आहे. आणि नाकाने श्वास घेता आला पाहिजे, आता थंडीचे दिवस, नाक चोंदलेलं असेल तर तारीख पुढे घ्या. मास्क नाकावर ठेवूच न देणाऱ्या मुलाला याचा उपयोग नाही, म्हणून ओळख आधी करून द्यावी लागते.

पूर्ण भूल म्हणजे हॉस्पिटल, भूलतज्ज्ञ, आधी तपासण्या, सहा तास आधीपासून जेवण आणि दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तीन वर्षांचं मूल, दहा-बारा दात किडलेले, किंवा ज्या मुलाला परिस्थिती समजावणं शक्य नाही, तिथे तो योग्य मार्ग आहे आणि मी स्वतः सुचवते. सहा वर्षांच्या बोलणाऱ्या मुलाच्या एका दाढेसाठी मी तिथून सुरुवात करणार नाही. तुमच्या मुलाला साधी दाढ बधिर करून काम करायचं असेल तर उपाशी मात्र नेऊ नका, हलकं खाऊ घालून न्या, सकाळची वेळ घ्या, शाळा सुटल्यावर दमलेलं पोर खुर्चीवर टिकत नाही. गॅस देणार असतील तर खाण्याचं त्या डॉक्टरांना विचारा.

बाकीच्या दातांवर छोटी कीड असेल तर तेही विचारून घ्या. सगळ्याला मशीन लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध छोट्या ब्रशने कीडीवर लावतात, दुखत नाही, बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते, फक्त तो भाग काळा पडतो. दुधाच्या दाढेवर इंजेक्शन न देता, न कोरता नुसती स्टीलची कॅप दाबून बसवायचीही पद्धत आहे, पण ती न ठणकणाऱ्या दाढेसाठी. तुमच्या या दाढेला आता ते चालणार नाही.

धडगावची_शिक्षिका

मी आश्रमशाळेत आहे. शाळेत तपासणीचं पथक येतं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं), त्यात दात बघतात आणि पुढे पाठवतात. मागे आमच्या एका पहिलीतल्या मुलीला घेऊन मी गेले होते. डॉक्टर चांगले होते, शांतपणे समजावत होते, पण सगळं पुस्तकी मराठीत, आणि ही घरी पावरी बोलणारी. "तोंड मोठं उघड, जीभ मागे घे" तिला कळतच नव्हतं, डॉक्टरांना वाटलं ऐकत नाही, आवाज थोडा वाढला आणि ती खुर्चीवरून खाली. मग मी शेजारी बसून तेच तिच्या बोलीत सांगितलं. उठली, बसली, तोंड उघडलं, माझी ओढणी मुठीत धरून शेवटपर्यंत बसली.

म्हणून ताई, तुमच्या घरी अहिराणी बोलत असाल तर डॉक्टरांना सांगा, किंवा मधे तुम्ही बोला. खुर्चीवर पडलेल्या पोराला घरची भाषा कानावर पडली की बराच फरक पडतो.

दोन_पोरींचा_बाप

हे एकदम खरं आहे मॅडम. आमच्याकडे अर्धी भीती आजीच्या "दुखी राह्यनं का रे बाळा?" एवढ्यानेच जाते.

चोपड्याची_आई

सोळा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांना सांगायचं राहिलं म्हणून मनाला लागून होतं.

त्याच रात्री त्याच्याशी बोलले. मी म्हटलं मम्मी खोटं बोलली होती, आणि तुझे पाय धरले ते चुकलं. तो काही बोलला नाही, टीव्हीकडे बघत राहिला, थोड्या वेळाने येऊन मांडीवर डोकं ठेवलं आणि विचारलं, "परत धरशील?" मी नाही म्हणाले. मग आठवडाभर चमचा-टॉर्चचा खेळ. आजोबांचे दात मोजले, अकरा निघाले, ते सगळ्या गल्लीत सांगून आला.

जळगावला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. एसटीत तापीचा पूल येईपर्यंत बोलत होता, पुलावर गप्प झाला, माझं बोट धरलं. मी आधीच सांगितलं होतं की आज फोटो काढतील आणि दात मोजतील, आणि पुढच्या वेळी दाढेला झोपवतील. डॉक्टरांना फोनवरच सगळा मागचा प्रकार सांगून ठेवला होता, त्यांनी तेवढंच केलं. एक्सरे काढला, मॅडम म्हणाल्या तसंच निघालं, नसेपर्यंत कीड. फवारा हातावर उडवला तेव्हा हसला.

दुसऱ्या भेटीत काम झालं. गॅस नाही लागला. जेल लावून घड्याळ लावलं त्यांनी, दोन मिनिटं. इंजेक्शनच्या वेळी रडला, खोटं कशाला सांगू, डोळ्यांतून पाणी आलं आणि हात वर केला. डॉक्टर थांबले. त्याने स्वतःच हात खाली घेतला आणि तोंड उघडलं. मी पायाशी उभी होते, पण हात लावला नाही, नुसती उभी होते. नंतर मशीन चालू असताना एकदाच हात वर केला, थुंकायचं होतं म्हणून. घरी येताना एसटीत मी त्याच्या ओठावर नजर ठेवून बसले होते, दोन वेळा चावायला लागला तेव्हा थांबवलं.

रात्री दुखलं थोडं, सिरप दिलं, झोपला. आता रात्रीचं रडणं नाही. कॅप पुढच्या मंगळवारी बसवणार आहेत, त्याचं त्याला थोडं टेन्शन आहे, रोज विचारतो कॅपला सुई असते का. डॉक्टरांना विचारून सांगते म्हटलंय. ब्रश अजून माझ्या हातून करून घेत नाही, पण स्वतः करतो.

सासरे तर आता येईल त्याला सांगताहेत की दुधाची दाढ बारा वर्षांपर्यंत राहते.

मॅडम एक विचारायचं होतं, त्या दाढेच्या मागे हिरडी फुगल्यासारखी दिसतेय आणि पांढरं टोक दिसतंय, तीच सहाव्या वर्षीची पक्की दाढ का? तिथे ब्रश लावला तर चालेल ना, त्याला दुखेल का?

धुळ्याची_दंतडॉक्टर

हो, तीच. मऊ ब्रश, गालाच्या बाजूने आडवा आत घालायचा, कारण ती अजून बाकीच्या दातांपेक्षा खाली आहे, सरळ घासलं तर ब्रश तिच्यावरून निघून जातो. फ्लोराइडवाली पेस्ट, वाटाण्याएवढी. हिरडी थोडी हुळहुळी असेल, हळू करा, दुखलं तर तो हात वर करेल, थांबा. पूर्ण वर आली की तिच्या खाचा बुजवून घ्या, सीलंट म्हणतात, त्याला सुई लागत नाही. आणि कॅपचं सांगा त्याला, दाढ आधीच साफ झालीये, बहुतेक नुसती बसवतात, पण हिरडीजवळ टोचत असेल तर जेल लावतील, कधी कधी झोपवायचं औषधही द्यावं लागतं. त्याच्या डॉक्टरांना मंगळवारच्या आधी फोन करून नक्की काय ते विचारा आणि जे सांगतील तेच त्याला सांगा.